भाकरीचे चार भाग, जमिनीचे किती?

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपण बायकांनी पुष्कळ विषय आपले करून घेतले. हुंडा, दारू, बलात्काराचा कायदा, पोटगी, रेशन, पाणी, गर्भलिंगतपासणी, जमीन. यातला प्रत्येक विषय आधी कुणाच्या तरी मालकीचा होता. कुणी म्हणे हा घरातला मामला, कुणी म्हणे हा वकिलांचा विषय, कुणी म्हणे डॉक्टरांचा. आपण तो ओढून चव्हाट्यावर आणला. एक विषय मात्र अजून आपल्या अंगणाबाहेर उभा आहे. तो म्हणजे प्राथमिक शाळेत शिकवले जाणारे गणित, विज्ञान आणि परिसर अभ्यास. बैठकीत हा विषय काढला की ठरलेले उत्तर येते, 'ते शिक्षणवाल्यांचे काम आहे, आपल्याकडे आधीच कामे कमी आहेत का?'

मी आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी वस्तीत तिसरी ते पाचवीच्या मुलामुलींचा वर्ग घेते आणि एक दिवस संघटनेच्या सल्ला केंद्रात बसते. सल्ला केंद्रात ज्या बाया कागद घेऊन येतात आणि वर्गात ज्या मुली पाटी घेऊन बसतात, त्यांच्यात मला फक्त वीस-पंचवीस वर्षांचे अंतर दिसते. म्हणून मला हे ठासून सांगायचे आहे की तिसरी-चौथीचे हे तीन विषय म्हणजे स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न आहे, आणि तो शिक्षणतज्ज्ञांवर सोडून आपण मोठी किंमत मोजतो आहोत.

सुरुवात गणितापासून करू. अपूर्णांक शिकवताना भाकरीचे चार भाग करतात, पेरूच्या फोडी करतात, कागदाची घडी घालतात. चांगली पद्धत आहे, मुलांना समजते. पण भाग करायची वस्तू ताटातून कधी उठून शेतात जाते का? समजा वडिलांनी स्वतः घेतलेली पाच एकर जमीन आहे. ते मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. आजी आधीच गेलेली. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पाच वारस, पाच सारखे वाटे, म्हणजे प्रत्येकी एक एकर, चाळीस गुंठे. दोन बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही केली तर दोनशे गुंठ्यांपैकी ऐंशी गुंठे त्यांच्या हातून गेले. चौथीतल्या मुलाला हे गणित येते, मी वर्गात घालून पाहिले आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, आदिवासी कुटुंबांत नियम वेगळे असतील, पण तिथेही वाटणी अपूर्णांकांतच होते.

महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क दिला. केंद्राने तोच हक्क २००५ साली दिला. तेव्हापासून आपण त्यावर किती शिबिरे घेतली, किती पत्रके छापली! पण पस्तीस वर्षांची बाई शिबिरात येते तोवर तिची सही होऊन गेलेली असते. भावाने साडी दिलेली असते, माहेर तुटायची भीती असते. कागदावर नेमके किती गुंठे लिहिले आहेत हे तिला वाचता येत नाही, आणि विचारायला तोंड होत नाही. गुंठा, आर, हेक्टर, सातबारा हे शब्द तिच्या कानावर नवव्या वर्षी पडले असते तर भावनेचा गुंता सुटला असता असे मी म्हणत नाही. पण आपण काय सोडतो आहोत ते तिला आकड्यात तरी कळले असते.

दुसरे उदाहरण कर्जाचे. आपल्या वस्त्यांत आज दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या कंपनीचा हप्ता गोळा होतो, आणि कर्जदार जवळजवळ सगळ्या बायकाच. समजा तीस हजारांचे कर्ज, वर्षाची मुदत, बारा हप्ते. सांगणारा सांगतो, 'व्याज फक्त बारा टक्के, ताई.' म्हणजे व्याज ३,६०० आणि महिन्याचा हप्ता २,८००. बाईला वाटते, शेकडा बारा म्हणजे बँकेसारखेच झाले. पण तीस हजार तिच्याकडे वर्षभर राहतात का? दर महिन्याला मुद्दलातले अडीच हजार ती परत करते. पहिल्या महिन्यात तिच्याकडे तीस हजार, दुसऱ्यात साडेसत्तावीस, असे करत शेवटच्या महिन्यात फक्त अडीच हजार. बारा महिन्यांची बेरीज करा आणि बाराने भागा. सरासरी येते १६,२५०. म्हणजे तिने वापरले सरासरी सव्वासोळा हजार आणि व्याज भरले छत्तीसशे. शंभराला बावीस रुपये पडले! बेरीज, भागाकार आणि सरासरी यापलीकडे यात काही नाही, आणि हे सारे प्राथमिक शाळेचे गणित आहे.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सूक्ष्मकर्जाचे नवे नियम आणले. व्याजाची पूर्वीची मर्यादा काढून टाकली आणि त्या बदल्यात, खरा वार्षिक दर किती पडतो हे कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून देण्याचे बंधन घातले. म्हणजे सरकारी विचार असा, की माहिती दिली की बाई आपले हित आपण पाहील. पण जिला टक्केवारी कधी उलगडून दाखवलीच नाही, तिच्यासाठी तो कागद म्हणजे अंगठा उठवायची आणखी एक जागा. बाजारात उतरायचे तर हिशेब यायला हवा. हिशेब न शिकवता बाईला बाजारात ढकलायचे आणि वर 'तू स्वतः सही केलीस' म्हणायचे, याला मी फसवणूकच म्हणेन.

यावर कुणी म्हणेल, मुलींना गणित मुळात जमत नाही. हे वाक्य आपल्या बायकांच्याच तोंडून मी ऐकते, 'मला बाई गणिताची पहिल्यापासून भीतीच!' आकडे काय सांगतात? 'असर' अहवालासाठी २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली. दुसरीच्या पातळीचा मजकूर मुलींपैकी ७६ टक्के वाचू शकल्या, मुलग्यांपैकी ७०.९ टक्के. गणितात मात्र मुलगे पुढे. वाचनात जी मुलगी मुलग्याच्या पुढे आहे, ती बुद्धीने कमी कशी? फरक बुद्धीत नाही, दिवस कसा जातो त्यात आहे. पैसे देऊन दुकानात कुणाला पाठवतात, बैलबाजारात बापाबरोबर कोण जातो, मोबाईल कुणाच्या हातात असतो? पैसा, अंतर आणि माप यांचा रोजचा सराव मुलग्याला फुकट मिळतो. मुलीला तो शाळेतच मिळायला हवा, आणि शाळा तो मिळाल्याचे गृहीत धरते.

वेळेचा हिशेबही असाच. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली वेळ-वापराची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. वजाबाकी करा, २०१ मिनिटे, म्हणजे तीन तास एकवीस मिनिटे. यात हातचासुद्धा घ्यावा लागत नाही! आणि लक्षात घ्या, ही पाहणी वयाच्या सहाव्या वर्षापासून पुढच्या सगळ्यांची आहे. सहावे वर्ष म्हणजे पहिलीचा वर्ग. आमच्या वर्गात घड्याळ शिकवताना मी प्रत्येकाला आपल्या घरातल्या एका माणसाचा दिवस लिहून आणायला सांगते. उठण्याची वेळ, पाणी, स्वयंपाक, काम, टीव्ही, झोप. दुसऱ्या दिवशी फळ्यावर बेरजा होतात आणि आईचा दिवस संपता संपत नाही. मुलगेच आधी ओरडतात, 'बाई, आईची झोप फक्त पाच तास!' शेतावर आणि घरच्या धंद्यात बिनमोल केलेले कामही मोजा, हे शब्द १९९१ च्या जनगणनेच्या प्रश्नात घालावे लागले, इतके ते मोजणाऱ्यांच्या डोळ्यांना दिसत नव्हते. मोजणारे डोळे प्राथमिक शाळेतच तयार होतात.

आता विज्ञान. 'स्वयंपाकघर ही बाईची प्रयोगशाळा' हे वाक्य आता फार गोडीने म्हटले जाते. मला त्याचा राग येतो. प्रयोगशाळेत प्रश्न विचारता येतो, प्रयोग फसू देता येतो, फसला तर मार बसत नाही. स्वयंपाकघरात मीठ जास्त पडले तर ताट भिरकावले जाते. बाईच्या कामाला विज्ञान म्हणून गौरवायचे आणि तिच्या मुलीला प्रश्न विचारू द्यायचा नाही, हा जुनाच डाव आहे.

मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की तिला सांगतात, पाळीच्या दिवसांत लोणच्याला हात लावू नको, नासेल. हीच प्रयोगाची जागा! आम्ही चार बरण्यांत एकाच दिवशी, एकच लोणचे भरले. दोन बरण्यांना पाळी चालू असलेल्या कार्यकर्तीने हात लावला, दोनांना लावला नाही. प्रत्येक जोडीतल्या एका बरणीत कोरडा चमचा घालायचा, दुसरीत ओला. मुलांनी चिठ्ठ्या चिकटवल्या, रोज पाहून वहीत लिहिले. बुरशी आली ती ओल्या चमच्याच्या दोन्ही बरण्यांत. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, आणि जे दिसेल ते लिहायचे. प्राथमिक शाळेत विज्ञान म्हणून जे शिकवायचे ते एवढेच, आणि एवढ्याने घरातले केवढे ओझे हलते! धडा पाठ करून हे होत नाही. होशंगाबादला १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने खेड्यातल्या उच्च प्राथमिक शाळांत मुलांच्या हाती प्रयोग देऊन हे करून दाखवले. मध्य प्रदेश सरकारने २००२ साली तो बंद केला. प्रश्न विचारणारी मुले कुणाला हवी असतात?

चौरस आहाराचा तक्ताही तसाच. डाळ, पालेभाजी, दूध, अंडे यांची चित्रे ओळखली की धडा संपतो. घरात शेवटी कोण जेवते आणि तेव्हा पातेल्यात काय उरते, हा प्रश्न विज्ञानात येत नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. तक्ता भिंतीवर आहेच, पण तो ताटापर्यंत पोचत नाही.

आणि मुलगा की मुलगी हे कशावर ठरते? ते माध्यमिक शाळेत शिकवतात. तोवर कितीतरी मुली शाळा सोडून गेलेल्या असतात. याच पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २३.३ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. तिसऱ्या मुलीनंतर घराबाहेर काढलेली बाई सल्ला केंद्रात येते तेव्हा दोष आपलाच असे तीही मानत असते. यासाठी मोठी नावे लागत नाहीत, मणी पुरतात. आईच्या वाटीत दोन लाल मणी, वडिलांच्या वाटीत एक लाल, एक निळा. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक काढायचा. दोन लाल आले तर मुलगी, लाल-निळा आला तर मुलगा. निळा मणी कुणाच्या वाटीत आहे, हे पाचवीचे पोर लगेच सांगते. गर्भलिंगतपासणीविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिल्यांदा केला. मणी मात्र अजून आपण वर्गात नेले नाहीत.

तिसरा विषय इतिहास आणि नागरिकशास्त्राचा. आपल्या कित्येक पिढ्या चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास शिकल्या, आणि त्यातून बाई आठवते ती मुख्यतः आई म्हणून. आई थोर होती यात वाद नाही. पण शाळेत बसलेल्या मुलीला तिच्याच वयाची, शिकणारी, लिहिणारी मुलगी कुठे भेटते? अशी मुलगी आपल्याकडे होऊन गेली. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्माची पुस्तके आम्हांला वाचू देत नाहीत तर आमचा धर्म कोणता, असे ती त्यात विचारते. उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या जातीतल्या बायकांचे हाल ती मांडते. शाळकरी मुलीने लिहिलेला हा इतिहास शाळकरी मुलींपर्यंत पोचवायला आपल्याला पावणेदोनशे वर्षे पुरली नाहीत.

नागरिकशास्त्रात संसद, राष्ट्रपती, पंतप्रधान पाठ होतात. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण, हे कुणी विचारत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अठरा वर्षांवरची घरातली सर्वांत मोठी बाई ही रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख मानली आहे. प्राधान्य गटातल्या घरात माणशी पाच किलो धान्य, सहा माणसांना तीस किलो. गुणाकार आणि नागरिकशास्त्र एकाच ओळीत! ही ओळ आली की मुलगी दुकानातला काटा वाचते आणि आईला हळूच सांगते, 'आई, चार किलो कमी आहे.'

पाठ्यपुस्तकांत काहीच बदलले नाही असे मी म्हणणार नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दिसले, डॉक्टर बाई दिसली. आपण टाळ्या वाजवल्या, ते योग्यच झाले. पण चित्रातल्या बाबांच्या हाती भाजी दिली म्हणून गणितातले कर्ज, विज्ञानातले रक्त आणि इतिहासातली मुक्ता आपोआप येत नाहीत. त्याच वर्षी दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन आले. एकोणतीस म्हणताना मुलाच्या कानावर 'तीस' पडते आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने लहान मुले अडखळतात, असे गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या. जुने वाचन काढलेले नव्हतेच. तरी विधानसभेपासून पारापर्यंत कोट्या झाल्या. एका गणितज्ञ बाईने पहिली पिढी शिकणाऱ्या मुलांच्या अडचणीचा विचार केला आणि राज्याने तिला हसून घेतले. तिचे म्हणणे पटो न पटो, निदान नीट ऐका, एवढे म्हणायला आपण स्त्री-संघटना कुठे होतो?

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप, 'कोवळ्या मुलांच्या डोक्यात राजकारण घालू नका.' भाकरीच्या जागी जमीन आणली की राजकारण, आणि जमीन कधीच आणायची नाही हे राजकारण नव्हे? दुसरा, 'मुलांना साधी वजाबाकी येत नाही, आधी पाया पक्का करा.' खरे आहे. २०२४ च्या असर अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी आणि पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना भागाकार येत होता. पण ज्या आकड्यांचा घराशी काही संबंध नाही ते घोकून पाया पक्का होतो, हे कुणी सांगितले? जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली, तेव्हा मोडी-बाळबोध लेखनवाचन, इतिहास-भूगोल यांच्याबरोबर हिशेब, शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञानही मागितले होते. कष्टकऱ्याच्या पोराला रोजच्या जगण्याला उपयोगी पडेल तेच पायाभूत, एवढे त्यांना कळले होते.

तिसरा आक्षेप आपलाच, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'केसेस इतक्या आहेत, वेळ कुठून काढायचा?' मैत्रिणींनो, केसेस येत राहणार, कारण ज्या मुलीला आज हिशेब येत नाही ती उद्याची केस आहे. आपण नदीच्या खालच्या अंगाला बुडणाऱ्या बायकांना काढतो आहोत, वरच्या अंगाला कुणीतरी जायला हवे.

आणि जायला वाट आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायलाच हव्यात. म्हणजे आपल्या गटातल्या कितीतरी जणी आजही या समित्यांवर आहेत, आणि रजिस्टरवर सह्या करून परत येत आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत खिचडी आणि रंगरंगोटीबरोबर गणिताचे पुस्तक मागावे. प्रत्येक गटाने तिसरी, चौथी, पाचवीचे पुस्तकसंच आणून एक बैठक त्यावर घालवावी. कुठल्या गणितात बाई पैसे मोजते, कुठल्या धड्यात ती फक्त वाढते, हे पान-क्रमांकासह लिहून काढावे आणि बालभारतीला पाठवावे.

हे आत्ताच करायला हवे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातली पुस्तके पहिलीपासून पुन्हा लिहिण्याचे काम २०२५ साली सुरू झाले आहे. त्याच वर्षी पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि २९ जूनला सरकारला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. म्हणजे लोकांनी रेटा लावला तर शिक्षण खाते हलते. मग पाच एकरांचे पाच वाटे, तीस हजारांचे खरे व्याज, चार बरण्या आणि मुक्ता साळवेचा निबंध नव्या पुस्तकांत यावेत म्हणून रेटा कोण लावणार? जमिनीवर हक्क सांगणाऱ्या, कर्जाचा हप्ता भरणाऱ्या आणि रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आपणच. पुढच्या तिमाही बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिला असावा, अशी माझी मागणी आहे.